शेक म्हणतात, पण शेक नसतो: रेडिएशन शरीरात नेमकं काय करतं?

(ज्यांच्याकडे नेट अडकतं आणि ऑडिओ पूर्ण उतरत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

सिरोंच्याहून बोलतोय.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी माझ्या मामांना एक सल्ला दिला होता. प्रेमाने दिला होता, पण चुकीचा होता. आजचा भाग त्या सल्ल्यामुळे करतोय.

मामांना गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर झाला होता. कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा, रोज, वीस वर्षं. नागपूरला ऑपरेशन झालं, गाठ काढली. मग डॉक्टर म्हणाले, आता रेडिएशन. तीस सिटिंग. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे सहा आठवडे.

एकोणीस सिटिंग झाली आणि मामा दिवाळीला गावी आले. तोंड आतून सोललेलं, वरणभातही गिळवेना. शेतात धान कापायला आलेलं. सोमवारी परत हजर व्हायचं होतं. शनिवारी रात्री मला म्हणाले, "बाबू, एक आठवडा थांबून गेलो तर?" आणि मी म्हणालो, "थांबा ना मामा. तसंही शनिवार-रविवारी मशीन बंदच असते. चार दिवसांनी काय फरक पडतो?"

फरक पडतो. किती पडतो आणि का पडतो, ते समजलं की रेडिएशन कसं काम करतं हेच समजतं. म्हणून आज तेवढंच बोलू.

आधी तो 'शेक' शब्द

आपल्याकडे कोणी रेडिएशन म्हणत नाही. 'शेक देतात' म्हणतात, नाहीतर 'करंट देतात'. दोन्ही शब्दांनी डोक्यात चुकीचं चित्र तयार होतं. शेक म्हटलं की भाजणं आलं. करंट म्हटलं की झटका आला. आणि रेडिएशनमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत.

थोडा हिशोब करू. रेडिएशनचा डोस 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलो शरीराला एक जूल ऊर्जा मिळाली की एक ग्रे. मामांना एका सिटिंगला दोन ग्रे मिळत होते. आता दोन ग्रेमुळे ती जागा किती गरम होईल? एक अंश सेल्सिअसचा साधारण दोन हजारावा भाग. तीसच्या तीस सिटिंगचे साठ ग्रे एकदम दिले, तरी एका अंशाचा साधारण सत्तरावा भाग. चहाचा एक घोट तोंडाला यापेक्षा कितीतरी जास्त गरम करतो.

पण दुसरी बाजू ऐका. तेच चार-पाच ग्रे एकाच वेळी सगळ्या शरीरावर पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्म्याच्या आसपास माणसं दगावतात. सत्तर किलोच्या माणसासाठी चार ग्रे म्हणजे किती ऊर्जा? २८० जूल. अर्धा-पाऊण चमचा गरम चहात असते तेवढी. म्हणजे ऊर्जा किती आहे याला फारसा अर्थ नाही, ती कुठे जाऊन लागते याला आहे.

मग ती लागते कुठे?

रेडिएशनचे किरण म्हणजे एक्स-रेच, पण छातीचा फोटो काढतात त्यापेक्षा कितीतरी जोरकस. ते शरीरातून जाताना अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात. आपलं शरीर बहुतांश पाणी. त्यामुळे घाव पाण्याच्या रेणूंवर बसतो आणि त्यांचे फार तापट तुकडे तयार होतात. हे तुकडे क्षणभरच जगतात, पण शेजारी जे सापडेल त्याला धक्का देतात. शेजारी डीएनए असेल तर डीएनए तुटतो.

डीएनए म्हणजे दोन पदरी दोरी समजा. एकच पदर तुटला तर पेशी तो सहज सांधते, कारण दुसरा पदर समोर नमुना म्हणून असतो. एका ग्रेमध्ये एका पेशीत असे एकपदरी तुटलेले हजारेक धागे असतात आणि त्यातले बहुतेक जोडले जातात. खरी अडचण दोन्ही पदर एकाच जागी तुटले की होते. असे तुकडे एका ग्रेमागे वीस ते चाळीस होतात. हे जोडणं अवघड असतं, आणि चुकीचं जोडलं गेलं तर पुढच्या वेळी पेशी दुभंगताना अडकते आणि मरते.

इथे 'दुभंगताना' हा शब्द महत्त्वाचा. पेशी रेडिएशन लागल्या क्षणी बहुधा मरत नाही. आणखी काही तास, काही दिवस ती नेहमीसारखी दिसते. एकाची दोन व्हायला जाते तेव्हा कोसळते. त्यामुळे दोन गोष्टी होतात. पहिली, गाठ पहिल्या आठवड्यात लहान झालेली दिसत नाही आणि घरचे म्हणतात, काही गुण नाही. दुसरी, शेवटचं सिटिंग झाल्यावरही परिणाम कितीतरी आठवडे चालू राहतो, चांगला पण आणि त्रासाचा पण.

कॅन्सरच्या पेशी सतत दुभंगत असतात आणि त्यांची दुरुस्तीची यंत्रणा बहुतेक वेळा बिघडलेली असते. निरोगी पेशींची दुरुस्ती जास्त चांगली चालते. सगळं रेडिएशन या एका फरकावर उभं आहे. किरण चांगलं-वाईट ओळखत नाहीत. दोघांनाही सारखेच लागतात. पण एक दुरुस्त होऊन उठतो, दुसऱ्याला ते जमत नाही.

तीस तुकडे कशाला?

मग एकदाच साठ ग्रे देऊन मोकळं का होत नाहीत? सिरोंच्याच्या माणसाने एकदा जावं आणि परत यावं, किती सोपं.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्येही पडला होता. एक्स-रेचा शोध राँटगेनने ८ नोव्हेंबर १८९५ ला लावला आणि पुढच्याच वर्षी डॉक्टर ते गाठींवर वापरायला लागले. सुरुवातीला मोठे डोस, थोड्या वेळा. गाठ जायची, पण वरची कातडीही जायची. मग १९२० च्या दशकात क्लॉद रगो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने मेंढ्यांवर प्रयोग केले. मेंढ्याच्या वृषणात पेशी झपाट्याने दुभंगतात, कॅन्सरसारख्याच. एकदम डोस देऊन मेंढा नपुंसक करायला गेलं तर वरची कातडी जळून निघायची. तोच डोस थोडा थोडा करून काही दिवसांत विभागला तर आतलं काम व्हायचं आणि कातडी वाचायची. रगोचा सहकारी आंरी कुतार याने तीच रीत घशाच्या कॅन्सरवर वापरली. आज जगभरात सोमवार ते शुक्रवार रोज थोडं थोडं रेडिएशन देतात, त्याच्या मुळाशी हा मेंढा आहे.

तर दोन सिटिंगमधले चोवीस तास म्हणजे मशीन रिकामी ठेवलेली वेळ नसते. त्या वेळात निरोगी पेशी स्वतःला सांधतात. त्यांना त्यासाठी साधारण सहा तास लागतात. म्हणजे मधला काळसुद्धा उपचारच आहे. मीही तेच म्हणत होतो की, आराम म्हणजे चांगलंच! पण मला अर्धंच कळलं होतं. हा आराम मोजून दिलेला असतो.

एकोणिसाव्यानंतर किती उरतात?

आता तो हिशोब, जो मला मामांच्या वेळी कोणी सांगितला असता तर माझं तोंड उघडलं नसतं.

शेंगदाण्याएवढी, साधारण एक घन सेंटिमीटरची गाठ असेल तर तिच्यात शंभर कोटींच्या आसपास पेशी असतात. समजा, दोन ग्रेच्या एका सिटिंगने त्यातल्या निम्म्या मरतात. प्रत्येक कॅन्सरमध्ये हा आकडा वेगळा असतो, पण समजायला निम्म्या धरू. पहिल्या दिवशी पन्नास कोटी उरल्या. दुसऱ्या दिवशी पंचवीस. असं निम्मं-निम्मं करत जा.

दहा सिटिंगनंतर दहा लाखाच्या आसपास उरतात. म्हणजे हजारातल्या नऊशे नव्याण्णव गेल्या. गाठ हाताला लागत नाही, तपासणीत दिसत नाही. एकोणिसाव्या सिटिंगनंतर साधारण एकोणीसशे. तिसाव्यानंतर? एक.

बघा, पहिल्या दहा सिटिंगमध्ये नव्याण्णव कोटींवर पेशी मारल्या आणि शेवटच्या दहामध्ये हजारभर. पण बरं व्हायचं की नाही ते ठरतं शेवटच्या हजारावर. कारण शंभर कोटींची सुरुवातही कधीतरी एकाच पेशीपासून झाली होती. मामांची गाठ तर ऑपरेशनमध्येच निघाली होती. रेडिएशन होतं ते आजूबाजूला उरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींसाठी. न दिसणाऱ्या गोष्टीवर उपचार चालू असताना 'आता बरं दिसतंय' म्हणणं किती फसवं आहे, ते लक्षात येतंय ना?

आणि आता त्या चार दिवसांचं. आपल्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम यायच्या आधी जंगलात खुटकटाई करतात. तेंदूची झुडपं छाटली की त्यांना जोमाने नवी पालवी फुटते. कॅन्सरच्या पेशीही अशाच वागतात. उपचार सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की ज्या उरल्यात त्या आधीपेक्षा वेगाने वाढायला लागतात. रोजचं सिटिंग चालू असेल तर त्यांना ती संधी मिळत नाही. सिटिंग थांबलं की पालवी फुटते.

शनिवार-रविवारची सुट्टी या हिशोबात धरलेली असते. तीस सिटिंगला सहा आठवडे, असाच आराखडा असतो. आपण वरून घेतलेला आठवडा त्यात नसतो. डोकं आणि मानेच्या कॅन्सरवर झालेल्या अभ्यासांतून एक ठोकताळा निघाला आहे. ठरलेल्या मुदतीपेक्षा उपचार एक दिवस लांबला की रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्येही तसंच, तिथे बाहेरचं आणि आतलं सगळं रेडिएशन आठ आठवड्यांत संपवायचा प्रयत्न असतो.

मामांचे चार दिवस मी असे सहज वाटून टाकले होते.

खोलीत काय होतं?

पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती खोलीची असते. म्हणून सांगून ठेवतो.

पहिल्या दिवशी किरण देत नाहीत. आधी सीटी स्कॅन करून नकाशा बनवतात. डोकं-मानेचा उपचार असेल तर चेहऱ्याचा साचा करतात. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात, तो थंड झाला की घट्ट होतो. रोज तोच साचा घालून टेबलाला अडकवतात, म्हणजे मान रोज त्याच जागी येते. छाती किंवा पोटाचा उपचार असेल तर कातडीवर खुणा करतात. घरच्यांनी त्या खुणा साबणाने घासून काढू नयेत.

नकाशा झाला की फिजिसिस्ट, म्हणजे भौतिकशास्त्र शिकलेला माणूस, संगणकावर ठरवतो की कोणत्या बाजूने किती किरण सोडायचे. एकाच बाजूने सोडले तर वाटेतल्या भागालाच जास्त बसतात. म्हणून चारी बाजूंनी थोडे थोडे सोडतात, सगळे गाठीवर एकत्र येतात. होळीभोवती चारी बाजूंनी टॉर्च धरल्या तर मधे लख्ख उजेड आणि प्रत्येकाच्या वाटेत थोडाच, तसं.

मशीन मुख्यतः दोन प्रकारची. एक लिनॅक. तिच्यात विजेवर इलेक्ट्रॉन पळवून धातूवर आदळवतात, त्यातून एक्स-रे निघतात. वीज बंद, किरण बंद. दुसरी कोबाल्टची. तिच्यात कोबाल्ट-६० नावाचा किरणोत्सारी धातू शिशासारख्या जड धातूच्या कवचात बंद असतो, झरोका उघडला की किरण बाहेर. कोबाल्टची ताकद ५.२७ वर्षांत निम्मी होते. त्यामुळे जुन्या कोबाल्ट मशीनवर तोच डोस द्यायला जास्त मिनिटं लागतात. 'त्याला पाच मिनिटं दिली, मला तीनच' अशी तुलना रुग्णांत फार चालते. तिला अर्थ नाही. डोस तेवढाच असतो.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' नावाची कोबाल्ट मशीन देशातच बनवली आणि ती परदेशातही गेली. अणुऊर्जा आणि कॅन्सर यांचं आपल्याकडे जुनं नातं आहे. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, आणि १९६२ पासून ते आरोग्य खात्याकडे नाही, अणुऊर्जा विभागाकडे आहे.

सिटिंगच्या वेळी रुग्ण खोलीत एकटा असतो. भिंती जाड काँक्रीटच्या. बाहेरून कॅमेऱ्यात दिसतं, माइकवर बोलता येतं, हात वर केला की मशीन थांबवतात. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं, त्यात किरण काही मिनिटंच. दुखत नाही, चटका नाही, झटका नाही. मामा पहिल्या दिवशी बाहेर येऊन म्हणाले, "मशीन चालू केली होती का रे?"

अंगावर काय दिसतं, आणि कधी?

मामांचा हा विश्वास दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत टिकला.

नियम एक: जिथे किरण, तिथेच परिणाम. तोंडाला रेडिएशन दिलं तर डोक्याचे केस जात नाहीत, दाढीचे जातात. पोटाला दिलं तर जुलाब आणि लघवीला जळजळ होते. छातीला दिलं तर गिळायला त्रास. ओटीपोटाला दिलं तर बाईची पाळी बंद होऊ शकते, मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. लग्न व्हायचंय, मूल हवंय, असं असेल तर हे डॉक्टरांशी उपचार सुरू व्हायच्या आधी बोला. लाजू नका. थकवा मात्र सगळ्यांनाच येतो.

नियम दोन: जे झपाट्याने झिजतं आणि नव्याने येतं, तिथे आधी दिसतं. तोंडाचं आतलं अस्तर असं सतत बदलत असतं. जुना थर गळतो, नवा यायचा तर कारखाना थंडावलेला. म्हणून तोंड सोलतं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, शेवटच्या आठवड्यात आणि संपल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त असतं, मग महिना-दीड महिन्यात भरून येतं. चव जाते, लाळ घट्ट होते, मानेची कातडी काळवंडते.

मामांची एकोणीस सिटिंग झाली होती, म्हणजे त्रास चढणीवर होता. त्यांना वाटलं, उपचार बाधला. खरं तर तो ठरल्या वेळी, ठरल्या जागी आलेला त्रास होता.

यात काय करायचं? मिठाच्या आणि खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, दिवसातून अनेकदा. मिरची पूर्ण बंद. आपल्या तालुक्यात, जिथे मिरची पिकते आणि मिरची तोडायला माणसं तेलंगणात जातात, तिथे हे सांगणं सोपं नाही. पण सोललेल्या तोंडाला ती सहन होत नाही. पेज, आंबील, मऊ भात, दुधात कालवलेलं अंडं, दाट वरण. वजन दर आठवड्याला बघायचं. फार उतरलं तर डॉक्टर नाकातून नळी टाकतात. नळी म्हणजे शेवट आला, असं नाही. नळी असते उपचार न थांबवता पोट भरण्यासाठी. आणि दुखण्यावरची औषधं मागून घ्या. सोसून दाखवल्याचं बक्षीस मिळत नाही.

अंगावर हळद, तेल, झाडपाल्याचा लेप लावू नका. डॉक्टरांना विचारून जे सांगतील तेच लावा.

नियम तीन: काही परिणाम उशिरा येतात आणि राहतात. लाळेच्या ग्रंथी पूर्ण सावरत नाहीत. मामा आजही पाण्याची बाटली घेतल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. लाळ कमी म्हणजे दात लवकर किडतात. म्हणून रेडिएशनच्या आधी दातांची तपासणी करून, काढायचे दात आधीच काढतात. नंतर कधीही, दहा वर्षांनीसुद्धा, दात काढायची वेळ आली तर दातांच्या डॉक्टरला आधी सांगा की या जबड्याला रेडिएशन झालंय. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, जखम भरत नाही, हाड सडू शकतं. जबडा आवळतो म्हणून तोंड उघडायचा व्यायाम रोज करावा लागतो. मामा आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरतात. एक काडी वाढली की आम्हाला बोलावून दाखवतात. मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइडची तपासणी मधून मधून करावी लागते.

आणि हो, रेडिएशनमुळेच खूप वर्षांनी दुसरा कॅन्सर होण्याचा धोका असतो. तो थोडा असतो, पण असतो. समोर उभ्या असलेल्या कॅन्सरपुढे तो पत्करला जातो.

आणखी एक. किरणांना काम करायला ऑक्सिजन लागतो. जिथे ऑक्सिजन कमी, तिथे कॅन्सरच्या पेशी मारायला अडीच-तीन पट डोस लागतो. म्हणून रक्त कमी असेल तर डॉक्टर आधी ते बघतात. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे, पोरीबाळींमध्ये रक्ताची कमतरता आहे. घरात सिकलसेल असेल तर पहिल्या भेटीतच सांगा. आणि बिडी उपचार चालू असतानाही ओढत राहिलात तर ऑक्सिजन आणखी घटतो. खर्रा चालू ठेवला तर एका हाताने विझवायचं आणि दुसऱ्याने पेटवायचं.

माणूस 'लागत' नाही

मामा दिवाळीला आले तेव्हा मामींनी त्यांचं ताट-वाटी वेगळं काढलं होतं. लहान मुलांना जवळ बसू देत नव्हत्या. "अंगातून किरण निघतात म्हणे." मामींची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

तर सांगतो. बाहेरून मशीनने रेडिएशन घेतलेल्या माणसाच्या शरीरात काहीही उरत नाही. दिवा बंद केला की खोलीत उजेड साठून राहतो का? तसंच. एका ताटात जेवा, शेजारी झोपा, नातवाला मांडीवर द्या. कॅन्सरही शिवल्याने पसरत नाही.

अपवाद मोजके. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये किरणोत्सारी आयोडीन प्यायला देतात, तेव्हा काही दिवस वेगळं ठेवतात, आणि ते हॉस्पिटल स्वतः सांगतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये नळ्यांतून किरणोत्सारी गोळी आत नेऊन उपचार करतात, पण बहुतेक ठिकाणी गोळी काही मिनिटांत परत मशीनमध्ये जाते. बाई घरी येते तेव्हा तिच्या अंगात काही नसतं.

तिसऱ्या आठवड्यानंतर माणूस आधीच खचलेला असतो. त्यात घरात ताट वेगळं झालं की त्याला वाटतं, कशाला परत जायचं. मामांनी नंतर मला सांगितलं, थांबायचं कारण धान नव्हतं. ते ताट होतं.

सिरोंच्याहून जाताना

बुधवारी नागपूरच्या हॉस्पिटलमधून समाजसेविकेचा फोन आला. यादीत नाव दिसलं, माणूस दिसला नाही, म्हणून. तिने रागावून काही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "काका, अकरा राहिलेत. कधी येताय?" मामा त्याच संध्याकाळी निघाले. शुक्रवारी सिटिंग परत सुरू झालं. चार बुडाली होती. डॉक्टरांनी मग काही दिवस सकाळ-संध्याकाळ दोन सिटिंग दिली, मधे किमान सहा तास ठेवून, आणि मुदत जवळपास गाठली. म्हणजे दिवस बुडालाच तर लपवू नका, लगेच फोन करा. भरून काढायचे मार्ग असतात, पण ते वेळेत कळलं तर.

आपल्या तालुक्यात रेडिएशनची मशीन नाही. नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. रोज ये-जा हा पर्यायच नाही. म्हणून उपचार सुरू करण्याआधी या गोष्टी ठरवा.

राहायचं कुठे? सहा आठवड्यांची सोय आधी लावा. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांजवळ बहुधा धर्मशाळा असतात. समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी विचारा.

पैसा? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं. या योजनेचं आधीचं रूप, राजीव गांधी जीवनदायी योजना, २ जुलै २०१२ ला ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झालं त्यात आपलं गडचिरोली होतं. हॉस्पिटल योजनेत आहे का, ते आधी बघा. प्राणहिता-गोदावरीवर पूल झाल्यापासून आपल्यातले बरेच जण हैदराबादला जातात, तिथे मेहदी नवाज जंग हे सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. पण आपल्या राज्याची योजना राज्याबाहेर चालेल असं गृहीत धरू नका, विचारून निघा.

प्रवास? रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला तिकिटात मोठी सवलत आहे, हॉस्पिटलचा दाखला लागतो. आपल्याला मंचिर्याल किंवा बल्लारशाहहून नागपूरची गाडी मिळते.

आणि शेवटचं, फार महत्त्वाचं. सगळ्यांनाच सहा आठवडे लागत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पूर्वी पाच आठवडे द्यायचे, आता बऱ्याच जणींना तीन आठवड्यांत होतं, काहींना एका आठवड्यातही. कॅन्सर हाडात पसरून दुखत असेल तर ते दुखणं कमी करायला अनेकदा एकच सिटिंग पुरतं. तुमच्या माणसाला काय चालेल ते डॉक्टरच ठरवतील. पण "आम्ही सिरोंच्याचे आहोत, कमी दिवसांचा मार्ग आहे का?" हा प्रश्न तुम्ही विचारा. मार्ग असेल तर ते सांगतील. नसेल तर घरून निघतानाच पूर्ण मुदतीची बॅग भरा.

मामांना आता तीन वर्षं होत आली. तपासण्या चालू आहेत, आतापर्यंत स्वच्छ आहेत. ते चार दिवस नडले नाहीत असं मी म्हणू शकत नाही, नडले नसावेत असं म्हणतो. पुढच्या तपासणीला मी सोबत जाणार आहे.

तुमच्या घरात कोणी रेडिएशन घेत असेल तर त्यांना एवढंच विचारा, किती झाले, किती राहिलेत? आणि राहिलेले मोजायला त्यांच्यासोबत बसा. त्यांच्याच ताटात.

हा भाग गावातल्या ग्रुपवर टाका, खासकरून ज्यांच्या खिशात आत्ता पन्नी आहे त्यांना.